कर्नलचं बोर्ड, मिरजेचं हॉस्पिटल आणि आप्पांचा उजवा हात

पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडं कापून):

"मॅडम, सप्रेम नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते, शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर लष्करात डॉक्टर आहेत, लेफ्टनंट कर्नल, मेडिसिनचे स्पेशालिस्ट. मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस, मग शॉर्ट सर्व्हिस, पुढं पर्मनंट कमिशन आणि पुण्याला एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, एमडी. येत्या जूनमध्ये वीस वर्षं पूर्ण होतात. त्याच सुमाराला कर्नलचं बोर्ड, म्हणजे त्या बढतीची निवड, आहे. सध्या पोस्टिंग ईशान्येत. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून मी इथंच आहे, सासू-सासऱ्यांजवळ.

दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांना, आप्पांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हे दहा दिवस येऊन गेले. आता मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलनं त्यांना बोलावलंय, पगार आत्ताच्या दुपटीहून जास्त. नणंद म्हणते, 'लष्करात डॉक्टरला काम काय? धडधाकट पोरांना सर्दीच्या गोळ्या द्यायच्या. या म्हणावं आता घरी.' सासूबाई काहीच बोलत नाहीत, ह्यांचा फोन झाला की देवघरात जाऊन बसतात. आणि हे मला म्हणतात, 'तू सांग. तू म्हणशील तर पेपर टाकतो.'

मी काय सांगू? या म्हटलं आणि उद्या त्यांना पस्तावा झाला, तर तो जन्मभर माझ्या माथी. नको म्हटलं आणि आप्पांचं काही बरंवाईट झालं, तर तेही माझ्याच माथी. आणखी एक, जे मी कुणाला बोललेले नाही. 2019 च्या महापुरात आप्पांना मी आणि सासूबाईंनी गॅलरीतून बोटीत उतरवलं तेव्हा हे लडाखला होते. त्यांच्याशिवाय घर चालवायला मी शिकलेय. ते कायमचे आले तर कसं व्हायचं, याचीही मला भीती वाटते."

ताई,

तुमचं पत्र मी सकाळी वाचलं आणि दुपारी जेवणं झाल्यावर आमच्या ह्यांच्या हातात दिलं. कारण या गोष्टीत मी तुमच्या मिस्टरांच्या जागी होते आणि हे तुमच्या. मी 31 वर्षं आर्मी मेडिकल कोअरमध्ये काढली. हे साताऱ्यात शाळेत शिकवत राहिले, पोरांची दुखणीखुपणी यांनी काढली, माझ्या सासूबाईंचं शेवटचं आजारपणही यांनीच. पत्र वाचून झालं, चष्मा काढला आणि म्हणाले, "त्यांना लिही, मलाही दोनदा विचारलं होतंस. मी दोन्ही वेळा उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याचा तुला राग आला होता."

खरंय. आला होता. आज मात्र मी तुम्हाला तेच करायला सांगणार आहे.

"तू सांग" असं ते म्हणतात ते प्रेमानंच म्हणतात, यात शंका नाही. पण त्यांच्या बाजूनं जरा बघा. वीस वर्षं कुठं जायचं, कधी निघायचं, किती तारखेला हजर व्हायचं, हे सगळं त्यांना वरून आलं. पोस्टिंग ऑर्डर आली की काळ्या ट्रंकेवरचं जुनं ठिकाण खोडून नवं रंगवायचं आणि निघायचं. आम्हाला त्याची इतकी सवय होते की निर्णय घ्यायचा असतो हेच विसरायला होतं. रात्री दोन वाजता पेशंटच्या बाबतीत जो माणूस अर्ध्या मिनिटात ठरवतो, तोच स्वतःच्या बाबतीत ऑर्डरची वाट बघत बसतो. आता पहिल्यांदाच असा फाटा आलाय जिथं ऑर्डर काढणारं कुणी नाही, म्हणून ते ती तुमच्याकडं मागताहेत. ती काढू नका. "मला काय वाटतं ते मी सांगेन, माझी भीतीही सांगेन, पण पेपर टाकायचे की नाही ते तुम्ही ठरवा," एवढं स्पष्ट बोला. त्यांना लागेल. लागू द्या.

पण त्याही आधी आप्पा. बाकी सगळ्याला वेळ आहे, आप्पांच्या हाताला नाही.

झटक्यानंतर मेंदू जे पुन्हा शिकतो, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत शिकतो. पुढंही सुधारणा होते, पण तिचा वेग उतरत जातो. तुमचे दोन महिने गेलेत. मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज आज टाकला तरी तो युनिटमधून वर आणि तिथून दिल्लीला असा फिरत राहतो, त्यात महिने जातात. शिवाय पेन्शनसाठी ऑफिसरची वीस वर्षं भरावी लागतात, म्हणजे जूनच्या आधी त्यांना निघता येणारच नाही. आप्पांसाठी म्हणून नोकरी सोडली, तरी ज्या महिन्यांत आप्पांना मुलगा जवळ हवा ते महिने तोवर निघून गेलेले असतील. ही गोष्ट तुमच्या मिस्टरांना, स्वतः फिजिशियन असून, दिसली नसेल असं मला वाटत नाही. पण आपल्या बापाच्या बाबतीत डॉक्टरालाही हिशेब सुचत नाही.

म्हणून आत्ता निवृत्ती नको, रजा हवी. ऑफिसरला वर्षाला 60 दिवसांची ॲन्युअल लीव्ह असते, 20 दिवसांची कॅज्युअल वेगळी. फौजी घरात ही रजा पोरांच्या परीक्षेला, दिवाळीला, कुणाच्या तरी लग्नाला म्हणून दागिन्यासारखी जपून ठेवतात. आता ती मोडा. ॲन्युअल जितकी उरली असेल तितकी सलग मागू द्या. कमांडिंग ऑफिसरला वडिलांचे कागद दाखवून मागितलेली रजा सहसा कुणी अडवत नाही.

ते येईपर्यंत तुम्ही दोघी जे करताय त्यात एक सांभाळा. आप्पांना उठवताना उजव्या दंडाला किंवा काखेत हात घालून ओढू नका. त्या बाजूच्या खांद्याचे स्नायू ढिले झालेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग ते दुखणं हाताच्या लुळेपणापेक्षा जास्त छळतं. कमरेला जुन्या लुगड्याचा रुंद पट्टा बांधा आणि त्याला धरून उठवा. झोपवताना उजव्या हाताखाली उशी ठेवा, हात लोंबकळता नको. जेवण बसवूनच, छोट्या घासांत; पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. फिजिओथेरपिस्टला रोज नाही तरी एक दिवसाआड बोलवा, आणि तो जे करतो ते शिकून घेऊन दिवसातून तीन वेळा करा. नणंदबाई जवळपास असतील तर त्यातली एक वेळ त्यांच्या नावावर टाका. मत द्यायला येणाऱ्या माणसाला काम द्यावं, त्यानं दोघांचंही बरं होतं.

आणखी एक कागदाचं काम. आप्पा आणि सासूबाई त्यांचे अवलंबित म्हणून नोंदलेले आहेत का, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे तशी नोंद करणारा आदेश, निघालीय का, हे विचारा. बऱ्याच ऑफिसरांचं हे राहून गेलेलं असतं. आणि घरच्या आजारपणाचं कारण दाखवून जवळचं पोस्टिंग मागता येतं, त्याला कम्पॅशनेट ग्राउंड म्हणतात. मिळेलच असं नाही, पण मागायला संकोच कसला? बेळगावला मिलिटरी हॉस्पिटल आहे, मिरजेहून सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या आत माणूस पोचतो. पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, खडकीचं आहे. ईशान्येतून येण्यापेक्षा शनिवारी पुण्याहून येणं केव्हाही सोपं. आमच्या पिढीत पुरुष ऑफिसर असं मागायला लाजायचे, बोर्डाच्या वर्षात तर फारच. मी म्हणते मागू द्या.

आता नणंदबाईंच्या सर्दीच्या गोळ्या. याचा मला राग आला, आणि उत्तर देते ते तुमच्यासाठी नाही, त्यांच्या घरी कुणी वाचून दाखवणार असेल तर त्यांच्यासाठी.

आमच्या साताऱ्याजवळ अपशिंगे आहे, अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले. इथं घरटी एक फौजी, म्हणून फौजी म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण फौजी म्हणजे बंदूक, इथपर्यंतच. तिथला डॉक्टर काय करतो हे माझ्या सख्ख्या भावालाही मी निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं.

लेहला असताना माझ्या वॉर्डात एका संध्याकाळी माण तालुक्यातला एक शिपाई आणला. चोवीस-पंचवीसचा, आडव्या हाडाचा. महिनाभर रजेवर घरी येऊन दोन दिवसांपूर्वी विमानानं परतलेला. उंचीवर पूर्वी राहिलेला माणूस खाली येऊन पुन्हा वर गेला की त्यालाही पहिल्यापासून सवय करावी लागते. त्याला वाटलं आपण जुने आहोत, त्यानं दुसऱ्याच दिवशी सामान उचललं. आणला तेव्हा ओठ निळे, बसल्या जागी धाप, आणि खोकला की रुमालावर गुलाबी फेस. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्हीकडं, वरपर्यंत, ओल्या लाकडाला आग लागल्यासारखा आवाज. याला आम्ही हापो म्हणतो, उंचीमुळं फुप्फुसात पाणी भरणं. उपाय म्हणजे ऑक्सिजन आणि खाली नेणं. पण लेहची विमानं सकाळची, आणि त्या रात्री ढग उतरलेले.

मग त्याला पिशवीत घातलं. माणूस मावेल अशी लांब, हवाबंद पिशवी असते, तोंडाजवळ पारदर्शक खिडकी. बाहेरून पायानं पंप मारत राहायचं. आतला दाब वाढला की आतल्या माणसाला दीड-दोन हजार मीटर खाली उतरल्यासारखं होतं. पंप थांबवायचा नाही, नाहीतर आतली हवा कोंदते. मी, एक नर्सिंग असिस्टंट आणि एक वॉर्डबॉय, पाळीपाळीनं. काही सेकंदांनी एक, काही सेकंदांनी एक. खिडकीतून तो माझ्याकडं बघत होता. मी मोठ्यांदा विचारलं, "गाव कुठलं रं?" आवाज आत पोचला नाही, पण ओठ ओळखले असावेत, तो हसला. पहाटे चारला त्याचा श्वास मोजला तेव्हा पहिल्यांदा मिनिटाला तिशीच्या खाली आला होता. सकाळी ढग फाटले आणि तो चंडीगडला गेला.

नणंदबाईंना हे सांगा. आणि हेही की कोरियाच्या युद्धात 1950 ते 53 या काळात '60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स' नावाची जी लष्करी वैद्यकीय तुकडी राबली, तीच फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात तुर्कस्तानात इस्केंडेरुनला हॉस्पिटल मांडून बसली होती. 

पण ताई, तुमच्या मिस्टरांचं कोडं या रात्रीचं नाहीच. अशा रात्री त्यांच्या होऊन गेल्या. पुढची बारा-पंधरा वर्षं कशी असतील, हे त्यांना कळलेलं नाही किंवा कळून ते बोलत नाहीत. तेच मी जरा नीट सांगते, कारण सिव्हिलमधल्या माणसाला आमची शिडी दिसत नाही.

आमच्याकडं दोन शिड्या एकदम चढायच्या असतात. एक खांद्यावरची: कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल. दुसरी हातातल्या विद्येची: ग्रेडेड स्पेशालिस्ट, मग क्लासिफाइड स्पेशालिस्ट, मग सीनियर ॲडव्हायझर, मग कन्सल्टंट. लेफ्टनंट कर्नलपर्यंत वेळ झाली की रँक मिळते. तिथून वर बोर्ड लागतं, जागा मोजक्या असतात आणि चांगली चांगली माणसं सुपरसीड होतात, म्हणजे बढतीत मागं राहतात. सुपरसीड झालेला वाईट डॉक्टर असतो असं मुळीच नाही. मी ज्यांच्याकडून ईसीजी वाचायला शिकले ते लेफ्टनंट कर्नल म्हणूनच घरी गेले.

बोर्ड निघालं तर पुढं रस्ता फुटतो. कर्नल झालेला एखादं हॉस्पिटल चालवायला जातो किंवा डिव्हिजनचा ADMS, म्हणजे हजारो जवानांच्या आरोग्याचा कारभारी होतो. पुढं ब्रिगेडियर, आणखी मोठं हॉस्पिटल. कमांड हॉस्पिटलच्या खुर्चीत मेजर जनरल. किंवा मग विद्येच्या शिडीवर राहून सीनियर ॲडव्हायझर म्हणून वॉर्ड, राउंड, शिकवणं हे चालू ठेवता येतं. बालरोगतज्ज्ञ असलेल्या माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरलपर्यंत गेल्या आणि निवृत्तीनंतर 2021 मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांचे यजमानही लेफ्टनंट जनरल. कर्करोगावर रेडिएशननं उपचार करणाऱ्या आरती सरीन 1 ऑक्टोबर 2024 ला तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुख झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. ही टोकाची नावं. तिथपर्यंत फार थोडे पोचतात, आणि न पोचणं म्हणजे फुकट जाणं नव्हे.

सगळ्यांच्या वाट्याला येतं ते एकच. जसजसं वर जावं तसतसा पेशंट कॉटवरून उठून कागदावर जातो. पाण्याच्या नमुन्याचे रिपोर्ट, लंगरची, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराची, तपासणी, कुणाला वर पाठवायचं आणि कुणाला नाही, मेडिकल बोर्डाची प्रकरणं. आमच्यातले कित्येक जण इथं कोमेजतात. "आम्ही डॉक्टर राहिलोच नाही, कारकून झालो," असं मेसमध्ये बसून म्हणतात. मीही म्हणत असे. मग एक घडलं.

एका मोठ्या हॉस्पिटलात मी रिलीज मेडिकल बोर्डावर होते. जवान निवृत्त होताना त्याला काही आजार असेल तर तो नोकरीमुळं झाला किंवा वाढला का, हे तिथं लिहायचं असतं, आणि त्या एका ओळीवर त्याची डिसॅबिलिटी पेन्शन अवलंबून असते. खटाव तालुक्यातला एक नाईक होता, ब्लड प्रेशरचा. शेवटचं पोस्टिंग पीस स्टेशनचं, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्याचं. दुपारचे साडेबारा वाजलेले, टेबलावर अजून चौदा फायली. मी लिहिलं, नोकरीशी संबंध नाही. सही केली. तो समोर उभा होता. मी त्याला त्याचं गावही विचारलं नाही.

चार वर्षांनी, दुसऱ्या स्टेशनवर, अपिलाचे कागद मतासाठी माझ्याच टेबलावर आले. वाचत गेले, शेवटी खाली माझीच सही. आत एक पान दुमडलेलं होतं. त्याचं प्रेशर पहिल्यांदा सापडलं ते उंचावरच्या फील्ड पोस्टिंगमध्ये. ते पान त्या दिवशीही फाइलीत होतंच. मी उलटलं नव्हतं. मी तसं लेखी दिलं, त्याला पेन्शन लागली, पण चार वर्षं त्या घरानं काय काढलं असेल ते मी आजही मोजते. लेहच्या रात्री मी ज्याला वाचवलं त्याच्याइतकाच हाही माझा पेशंट होता. पिशवीच्या खिडकीतून तो दिसत होता, फाइलीतून हा दिसला नाही, इतकाच फरक.

त्यानंतर मी प्रत्येक बोर्डाला जवानाला बसायला खुर्ची दिली आणि पोस्टिंगचा तक्ता त्याच्याच तोंडून वदवून घेतला. वेळ लागायचा. खालचे लोक कुरकुरायचे. पण कागदावरचं काम मला कारकुनी वाटेनासं झालं. 1962 च्या युद्धानंतर इंदर सिंग आणि त्यांच्याबरोबरच्या लष्करी डॉक्टरांनी उंचीवर आजारी पडलेल्या 1,925 जवानांच्या नोंदी तपासून 1969 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, तो जगभर वाचला गेला. तेही कागदच होते. आज जवानाला 9 हजार फुटांवर सहा दिवस थांबवतात, 12 हजारांच्या पुढं आणखी चार आणि 15 हजारांच्या पुढं पुन्हा चार. ही थांबवण्याची सही एक डॉक्टर करतो. ती नीट झाली तर पिशवी लागतच नाही, आणि वाचलेल्या माणसाला कुणी वाचवलं हे कधी कळत नाही.

म्हणून तुमच्या मिस्टरांना पगार आणि रँक यांच्याबद्दल विचारू नका. रजेवर आले की एखाद्या रात्री निवांत विचारा, गेल्या महिन्यात कोणत्या फाइलीनं झोप घालवली? त्यांना एखादं नाव, एखादा चेहरा आठवला, ते त्याबद्दल बोलत सुटले, तर हा माणूस कर्नलच्या खुर्चीत सुखी राहील आणि त्या खुर्चीला त्याची गरज आहे. "फायली काय, येतात आणि जातात," असं म्हणाले, तर त्यांचं मन अजून कॉटपाशी आहे. मग बोर्ड निघो न निघो, त्यांनी विद्येची शिडी धरावी किंवा मिरजेला यावं. दोन्ही चांगलं.

मिरजेबद्दलही बोलायला हवं. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी 1894 मध्ये हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज डॉक्टरांचं गाव आहे, पार कर्नाटकातून पेशंट येतो. काम भरपूर, तऱ्हेतऱ्हेचं, हाताला धार येईल असं. पण एक गोष्ट त्यांना तिथं नव्यानं शिकावी लागेल. वीस वर्षांत त्यांनी पेशंटला "परवडेल का?" असं एकदाही विचारलेलं नाही. जवान आणि त्याच्या घरच्यांना औषध, तपासणी, ऑपरेशन, सगळं सरकारी. निवृत्त झाल्यावर मी साताऱ्यात आठवड्यातून दोन दिवस एका धर्मादाय दवाखान्यात बसायला लागले. पहिल्याच आठवड्यात एक बाई आल्या, पायावर सूज. मी सवयीनं पाच तपासण्या लिहिल्या. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चार घड्या घातल्या, पदराच्या टोकाला बांधली आणि "बरं" म्हणाल्या. पुन्हा आल्याच नाहीत. लष्करात पेशंट असा निसटत नाही. युनिट त्याला परत घेऊन येतं. इथं तो का आला नाही हे आपणच ओळखायचं असतं. आता मी एकच तपासणी लिहिते, सर्वांत गरजेची, आणि किंमत मीच आधी सांगते. तुमचे मिस्टर हे शिकतील. पण खासगी हॉस्पिटलात महिन्याचे आकडेही कुणीतरी बघत असतं. होकार देण्याआधी त्यांनी तिथल्या एखाद्या जुन्या फिजिशियनबरोबर निवांत बसून हेच विचारावं. पगार मागून विचारता येईल.

पैशाचं एक कलम मात्र आत्ताच डोक्यात ठेवा. स्वतःहून मुदतपूर्व निवृत्ती घेतली तर पेन्शन मिळते, पण वन रँक वन पेन्शनचा, म्हणजे सारखी रँक आणि सारखी नोकरी असलेल्यांना सारखी पेन्शन, हा लाभ मिळत नाही. नोव्हेंबर 2015 च्या आदेशातच ते आलंय. म्हणजे पुढच्या काळात इतरांची पेन्शन त्या हिशेबानं सुधारत जाईल तेव्हा यांची जाणार नाही. पंचेचाळिशीत हा फरक बारीक दिसतो, सत्तरीत तो बारीक राहत नाही. एमडीनंतर आणखी कुठला कोर्स केला असेल तर त्याचा बाँड संपलाय का, तेही बघा. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड पेन्शनरला मिळतं, त्याची काळजी नको.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते, निर्णय त्यांचाच. बोर्डाच्या आधी पेपर टाकू नयेत. रजा आत्ता, जवळच्या पोस्टिंगचा अर्ज आत्ता, आणि बोर्डाचा निकाल हातात आल्यावर मग बसून बोला. मिरजेचं हॉस्पिटल जूनपर्यंत कुठं जात नाही, आणि चांगल्या फिजिशियनला आपल्या भागात कुणी नाही म्हणत नाही.

राहिली तुमची भीती, पत्राच्या शेवटी लिहिलेली. तुम्ही ती चोरट्यासारखी लिहिलीय, म्हणून सांगते. मी घरी आले तेव्हा पहिले सहा महिने आमच्या घरात मी पाहुणी होते. गॅसचा नंबर कधी लावायचा, दूधवाल्याचा हिशेब कुठल्या वहीत, धाकट्याला कुठली भाजी चालत नाही, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी जे काही हलवायचे ते हे मुकाट्यानं जागेवर ठेवायचे. एकदा मी फडताळ लावलं, आमच्या पद्धतीनं, रांगेत, लेबलं लावून. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग रात्री म्हणाले, "एकवीस वर्षं मी अंधारातसुद्धा साखर काढत होतो." त्या दिवशी मला कळलं की हे घर यांनी बांधलंय आणि मला त्यात जागा मागून घ्यायला हवी. मी मागितली. मिळाली. वेळ लागला.

पूर आलेला असताना दोन बायकांनी आजारी नसलेल्या पण जड झालेल्या म्हाताऱ्याला गॅलरीतून बोटीत उतरवलं, ते घर तुमचं आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं त्या आठवड्यात. मिस्टरांना तुम्ही त्याची सगळी गोष्ट कधी सांगितलीय का? फोनवर "सगळे ठीक आहोत" यापलीकडं? माझ्या अनुभवानं नसेल. दोन्हीकडून आम्ही एकमेकांना "सगळं ठीक" एवढंच सांगत राहतो, ते हापोबद्दल सांगत नाहीत आणि आपण पुराबद्दल. या रजेत ती गोष्ट सांगा, गॅलरीत उभं राहून, कुठं दोर बांधला, कुणी आप्पांचे पाय धरले, सगळं.

आणि आल्या दिवसापासून आप्पांच्या उजव्या हाताचे व्यायाम त्यांच्याकडं द्या. बोटं एकेक करून उघडायची, मनगट वर, कोपर सरळ, खांदा फक्त दुखणार नाही इतकाच. सकाळी, दुपारी, झोपताना. सासूबाईंना तिथंच बसू द्या.

रजा संपवून पुण्याकडं निघाल तेव्हा वाटेत सातारा लागतं. पोवई नाक्यावरून फोन करा, आमचे हे न्यायला येतील. त्यांना तुमच्याशी बोलायचंय आणि मला तुमच्या मिस्टरांशी.